शहाण्याने कोर्टाची पायरी चढावी!

पीएलमध्ये अभ्यास सोडून बाकी सगळं सुचतं. तसंच एका रात्री मी आणि माझी रूममेट हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये गाड्या मोजत बसलो. एकेचाळीस टू-व्हीलर! त्यातल्या किती कर्जावरच्या, याची दुसऱ्या दिवशी मेसमध्ये चौकशी केली तर निम्म्याहून जास्त हात वर. एक जण म्हणाली, "माझ्या दादाने तर मित्राच्या गाडीला जामीन दिलाय. नुसती सही तर करायची होती."

हे वाक्य मी याआधी ऐकलं होतं. आमच्या घरी. म्हणून हा लेख. मॅगझिनच्या मराठी विभागात दरवर्षी पाऊस, आई आणि पहिलं प्रेम यांवर पुरेसं येतं, त्यामुळे संपादक मंडळाने हा रुक्ष विषय चालवून घ्यावा. आधीच एक कबुली देते. मी कॉन्व्हेंटवाली, म्हणजे माझं मराठी घरात बोलण्यापुरतं. कोर्टाचं मराठी मी या प्रकरणात शिकले, तेही काकांकडून.

आमचं गाव डिंभे, तालुका आंबेगाव. घोडनदीवरचं डिंभे धरण तुम्ही भीमाशंकरला जाताना पाहिलं असेल. बसमधून पाणी दिसलं की सगळे खिडकीकडे सरकतात, तेच. धरणाच्या वरच्या अंगाला आदिवासी गावं आहेत. तिथे भात आणि हिरडा. खालच्या अंगाला कालव्याचं पाणी, त्यामुळे टोमॅटो, कोबी, कांदा. हा सगळा माल मंचर नाहीतर नारायणगावच्या मार्केटला जातो, आणि तो नेण्यासाठी पिकअप लागते. माझ्या काकांनी २०१८ साली पिकअप घेतली. थोडे पैसे हातचे घातले आणि ४ लाख रुपये एका फायनान्स कंपनीकडून घेतले. जामीनदार म्हणून सही केली माझ्या वडिलांनी, म्हणजे आण्णांनी. आण्णा एका शाळेत शिपाई आहेत, पगाराची स्लिप असलेला घरातला एकमेव माणूस. नुसती सही तर करायची होती.

जुलै २०१८ ते फेब्रुवारी २०२० असे वीस हप्ते काकांनी एक दिवसही न चुकता भरले. मग लॉकडाउन आला. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० या सहा महिन्यांचे हप्ते पुढे ढकलण्याची सवलत दिली होती, ती काकांना मिळाली. मध्येच ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि वरच्या गावांतला हिरडा झोडपून गेलं, म्हणजे तिकडचं भाडंही गेलं. सप्टेंबरपासून काकांनी कसेबसे तीन हप्ते भरले, त्यातले दोन रोख, वसुलीच्या माणसाच्या हातात. नंतर गाडीचं इंजिनकाम निघालं आणि हप्ते थांबले ते थांबलेच. फेब्रुवारी २०२१ मध्ये मंचरहून रिकामी गाडी घेऊन येताना चार जणांनी काकांना अडवलं, चावी काढून घेतली आणि एका इंग्रजी कागदावर सही घेतली. तो कागद मी दोन वर्षांनी वाचला. त्यात लिहिलं होतं की मी माझी गाडी स्वखुशीने जमा करत आहे.

घरातल्यांना वाटलं, गाडी गेली, कर्जही गेलं. इथेच पहिली चूक. (माझ्या मते बहुतेक लोकांची हीच चूक होते.) कंपनी गाडी विकते, आलेले पैसे कर्जातून वजा करते आणि उरलेली रक्कम मागते. ती मागण्याचा हक्क गाडीबरोबर संपत नाही.

जून २०२३. माझा बारावीचा निकाल नुकताच लागला होता, इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनची धावपळ सुरू होती. फी-सवलत मिळणार होती, पण मेस, हॉस्टेल, लॅपटॉप यांसाठी आण्णा एका पतसंस्थेत कर्ज मागायला गेले, तर तिथल्या साहेबांनी कॉम्प्युटरकडे बघून मान हलवली. आण्णांच्या नावावर थकबाकी दिसत होती. काकांची. जामीनदाराच्या सिबिलवरही ती चढते, हे आम्हाला तेव्हा कळलं. त्या दिवसापासून आण्णा आणि काका एका ओट्यावर बसून जेवायचे, पण एकमेकांशी बोलायचे नाहीत. आणि त्याच आठवड्यात घोडेगावच्या कोर्टाचा बेलिफ समन्स घेऊन दारात आला.

आजी म्हणाली, "घेऊ नको गं कागुद. घेतला की केस लागती."

बेलिफ दुसऱ्यांदा आला तेव्हाही काका घरी नसल्याचं आजीने सांगितलं. तिसऱ्यांदा त्याने दोन माणसं साक्षीला घेतली आणि कागद दाराला चिकटवून गेला. आता हे नीट ऐका. समन्स घ्यायला नकार दिला, किंवा घरातला कर्ता माणूस वारंवार सापडला नाही, तर दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे ते दाराला चिकटवता येतं आणि कोर्टाची खात्री पटली की ते 'बजावलं गेलं' असं धरलं जातं. रजिस्टर पोस्टाचं पाकीट 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन परत गेलं, तरी तेच. म्हणजे समन्स न घेतल्याने केस थांबत नाही. फक्त तुमच्याशिवाय चालते. मग निकाल एकतर्फी होतो, आणि कंपनीने दाव्यात लिहिलेला आकडा तपासायला समोर कोणीच नसल्यामुळे बहुधा तोच आकडा हुकूमनाम्यात जातो.

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. दावा लावणाऱ्याला ती ठीक असेल. ज्याच्यावर दावा लागलाय त्याने ती ऐकली, तर त्याचं घर बुडतं. आणि हे काही आजचं नाही. आमच्याच पुणे जिल्ह्यात, सुपे गावात, १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखतं जाळली. तिथून पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या बऱ्याच गावांत हे लोण गेलं. त्याला आपण दख्खनचे दंगे म्हणतो, शाळेच्या इतिहासात ओझरते येतात. पण सरकारने नंतर नेमलेल्या चौकशी आयोगाला काय दिसलं ते पुस्तकात येत नाही. सावकारांचे बहुसंख्य दावे एकतर्फी निकाली निघत होते. कुणबी कोर्टात येतच नव्हता. भीतीने, अंतरामुळे, किंवा कागदावर आपला अंगठा आहे तर आता बोलायचं काय, असं वाटून. म्हणून १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्यात दोन गोष्टी मुद्दाम घातल्या. न्यायाधीशाने कर्जदाराला बोलावून त्याला स्वतः विचारावं, आणि कर्जखतावरचा आकडा तसाच न मानता व्यवहार सुरुवातीपासून उकरून खरं मुद्दल किती, व्याज किती ते काढावं. या कायद्याखाली काम बघणाऱ्या न्यायाधीशांमध्ये न्यायमूर्ती रानडे होते. तो कायदा आता नाही. आज व्यवहार उकरायचं काम तुम्हालाच करावं लागतं, आणि त्यासाठी तारखेला हजर असावं लागतं.

तर दाराचा कागद मी काढला आणि वाचायला बसले. गंमत बघा. कर्जाचा करार इंग्रजीत, बावीस पानं, बारीक टाईप. तो मला वाचता येत होता. समन्स आणि दाव्याच्या नोटीसा मराठीत, त्या मला कळेनात! 'कैफियत दाखल करणेकामी' म्हणजे काय? मी म्हटलं, कैफियत म्हणजे तक्रार ना? काका दोन वर्षांत पहिल्यांदा हसले. "अगं, कैफियत म्हंजी आपलं म्हणणं." त्यांना ते जमिनीच्या वाटपाच्या जुन्या दाव्यामुळे माहीत होतं. उलट करारातला 'हायपोथिकेशन' शब्द त्यांना कोणी कधी समजावलाच नव्हता. आरटीओतले एजंट त्याला एचपी म्हणतात, 'एचपी चढवली', 'एचपी उतरवली'. मराठीत नजरगहाण. गाडी तुमच्या ताब्यात, नाव आरसी बुकावर तुमचं, पण नजर त्यांची. शेवटचा हप्ता फिटला की कंपनीकडून एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरसीवरची ती नोंद काढून घ्यावी लागते. पार्किंगमधल्या ज्या मैत्रिणींचं कर्ज फिटलंय, त्यांनी आपलं आरसी आज रात्रीच बघावं.

घोडेगावच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती आहे. आम्ही महादेव कोळी, अनुसूचित जमातीतले, त्यामुळे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळण्याचा हक्क आम्हाला १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानेच दिलाय. तोच हक्क अनुसूचित जातींना आहे, सर्व स्त्रियांना आहे, अपंगांना आहे, आणि ठराविक मर्यादेखाली उत्पन्न असलेल्या कोणालाही आहे. अर्ज साधा असतो. आम्हाला मिळालेल्या वकील मॅडम तरुण होत्या आणि पहिल्याच भेटीत त्यांनी जेलची भीती काढून टाकली. आजी तोवर रोज विचारायची, पोलीस कधी येणार.

कर्ज थकणं हा गुन्हा नाही, दिवाणी मामला आहे. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी माणसाला दिवाणी तुरुंगात टाकता येतं, पण ऐपत असून मुद्दाम टाळतोय हे दाखवावं लागतं. गरिबीमुळे देता येत नाही म्हणून तुरुंग नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस या खटल्यात स्पष्ट केलं. स्त्रियांना तर पैशाच्या हुकूमनाम्यात अटकच करता येत नाही. मात्र चेकची गोष्ट वेगळी. काकांनी कर्ज घेताना चार कोरे चेक सही करून दिले होते. चेक बाउन्स झाला तर कलम १३८ लागतं आणि ते फौजदारी असतं. बँकेचा परतीचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत त्यांनी नोटीस द्यायची, नोटीस मिळाल्यावर १५ दिवसांत आपण पैसे द्यायचे, नाही दिले तर पुढच्या एका महिन्यात त्यांनी तक्रार करायची. आजकाल चेकऐवजी खात्यातून आपोआप हप्ता जातो. तो पुरेशा पैशाअभावी परत गेला, तरी २००७ च्या पेमेंट कायद्याच्या कलम २५ प्रमाणे तसाच गुन्हा होतो. आमच्या नशिबाने कंपनीने चेक लावलेच नव्हते. पण १३८ ची नोटीस आली, तर पंधरा दिवस उशीखाली ठेवायची नसते एवढं लक्षात ठेवा.

मॅडमनी मग तारखांचं गणित सांगितलं. साध्या दाव्यात समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत कैफियत द्यायची, कारण पटलं तर कोर्ट ९० दिवसांपर्यंत मुदत देतं. समन्सवर 'ऑर्डर ३७' किंवा 'समरी' असा उल्लेख असेल तर मात्र धावत सुटा. तिथे १० दिवसांत नुसती हजेरी नोंदवावी लागते, नाहीतर निकाल लागतो. नंतर कंपनी पुढचं समन्स देते आणि त्यावर पुन्हा १० दिवसांत 'मला बचाव करू द्या' असा अर्ज प्रतिज्ञापत्रासह द्यावा लागतो. आमचा दावा साधा होता. एकतर्फी हुकूमनामा आधीच झाला असेल तर तो रद्द करून मागता येतो, मुदत ३० दिवस. समन्स नीट बजावलंच गेलं नसेल, तर हे ३० दिवस हुकूमनामा कळला त्या दिवसापासून. कर्जाच्या वसुलीचा दावा साधारण तीन वर्षांच्या आत लावावा लागतो, तेही बघायचं असतं. पण मध्ये कुठे 'मी देणं लागतो' असं लिहून सही केली असेल, तर तिथून तीन वर्षं पुन्हा सुरू होतात. म्हणून वसुलीवाला जुन्या थकबाकीसाठी 'साहेब, फक्त एवढ्यावर सही करा' म्हणतो तेव्हा कागद आधी वाचायचा.

आता माझा आवडता भाग. आकडा.

दाव्यात मागणी होती २,८६,४०० रुपयांची. काका म्हणायचे, "चार लाखातले सव्वादोन लाख तर आपण भरले, मग एवढे कसे?" मॅडम म्हणाल्या, तू इंजिनिअर होणारेस ना, काढून दाखव. ॲडमिशन व्हायची होती, पण घेतलं आव्हान.

करारात व्याज लिहिलं होतं ९ टक्के. फ्लॅट! म्हणजे पूर्ण ४ लाखांवर, पूर्ण चार वर्षं. ९ टक्क्यांनी वर्षाला ३६,०००, चार वर्षांचे १,४४,०००. एकूण ५,४४,०००, भागिले ४८, हप्ता ११,३३३ रुपये. वरवर स्वस्त वाटतं. पण दर महिन्याला तुम्ही मुद्दल फेडत असता, ते कमी होत जातं, तरी व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या मुद्दलावर चाललेलं असतं. एक्सेलमध्ये रेट नावाचं फंक्शन आहे. त्यात ४८ हप्ते, ११,३३३ आणि ४,००,००० टाकले की खरा, घटत्या शिलकीवरचा दर येतो, वर्षाला जवळजवळ १६ टक्के. शोरूममध्ये कोणी 'फक्त ९ टक्के' म्हणालं, तर 'फ्लॅट की रिड्युसिंग' हे तीन शब्द विचारायचे. समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

सोळा टक्क्यांनी मी एकेक महिना उतरवत गेले. वीस हप्त्यांत काकांनी भरले २,२६,६६०, त्यातले सुमारे ९०,००० व्याजात गेले आणि मुद्दल फक्त १,३७,००० नी घटलं. फेब्रुवारी २०२० अखेर बाकी होती साधारण २,६३,०००. सहा महिन्यांच्या सवलतीचं व्याज सुमारे २१,०००. इथे लोकांची आणखी एक गैरसमजूत असते, सवलतीच्या काळात व्याज माफ होतं अशी. नव्हतं. पण त्या व्याजावर पुन्हा व्याज किंवा दंड लावायचा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २३ मार्च २०२१ ला सांगितलं, आणि लावला असेल तर परत द्यायला किंवा पुढच्या हप्त्यात वळता करायला लावलं. पुढचे तीन हप्ते वजा करून आणि फेब्रुवारी २०२१ पर्यंतचं व्याज धरून आकडा आला सुमारे २,७२,०००. गाडी त्यांनी १,४०,००० ला विकलेली दाखवली होती. उरले १,३२,०००. त्यावर दावा लावेपर्यंतच्या दोन वर्षांचं १६ टक्क्यांनी व्याज धरलं, तरी १,७४,००० च्या आसपास. मग बाकीचे १,१२,००० कुठून आले?

खातेउताऱ्यात सापडले. रोख दिलेले दोन हप्ते जमाच नव्हते. पावत्या होत्या आमच्याकडे, आजीने देव्हाऱ्यातल्या पोथीत घालून ठेवलेल्या! सवलतीच्या महिन्यांवर दंडव्याज चढवलं होतं. बाकी थकबाकीवर महिन्याला ३ टक्के, म्हणजे वर्षाला ३६ टक्के दंड. शिवाय गाडी उचलण्याचा खर्च, यार्डात उभी ठेवण्याचं भाडं. कराराच्या कायद्याचं कलम ७४ म्हणतं की करारात दंड किती का लिहिलेला असेना, कोर्ट देणार ती वाजवी भरपाई. रिझर्व्ह बँकेनेही २०२३ मध्ये दंडव्याज हा प्रकार बंद करून, दंड आकारायचा तर तो वाजवी शुल्क म्हणून आणि त्यावर पुन्हा व्याज न चढवता, असं ठरवलं. तो नियम आमच्या कर्जानंतरचा, पण वारं कुठल्या दिशेचं आहे ते दिसतं.

गाडीच्या विक्रीबद्दलही मुद्दा होता. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे फायनान्स कंपनीने करारातच लिहायला हवं की ताबा घेण्याआधी किती दिवसांची नोटीस देणार, विकण्याआधी पैसे भरायची शेवटची संधी कशी देणार, लिलाव कसा करणार. आमच्याकडे विक्रीची एक नोटीसही आली नव्हती. रस्त्यात चार माणसं घालून गाडी ओढून नेण्याबद्दल तर सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये, आयसीआयसीआय बँक विरुद्ध प्रकाश कौर या प्रकरणात, बँकांना कडक शब्दांत सुनावलं होतं. वसुली कायद्याच्या मार्गाने करा, दंडेलीने नाही. वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायचे नाहीत, असं रिझर्व्ह बँकेचं २०२२ चं परिपत्रक आहे. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. आम्ही २०२१ मध्ये यातलं काहीच केलं नाही. तेव्हा कोणाला माहीत होतं?

कैफियत लिहिताना मॅडमच्या शेजारी बसायला मिळालं. ती भाषा मला फार आवडली. 'दाव्याचे कलम ५ मधील मजकूर खोटा व लबाडीचा असून तो प्रतिवादीस मान्य व कबूल नाही.' एकेक कलम घेऊन असं लिहायचं, कारण जो मजकूर स्पष्टपणे नाकारला नाही तो कबूल आहे असं धरतात. मी म्हटलं, मग सगळंच नाकारू या की! मॅडम म्हणाल्या, "कर्ज घेतलं हे खरं, वीस हप्त्यांनंतर थकलं हे खरं. ते कबूलच करायचं. खोटं बोललीस की पावत्यांवरही कोणी विश्वास ठेवणार नाही." काकांना हे ऐकून बरं वाटलं असावं. ते म्हणाले, "मी बुडवणार नव्हतोच."

आण्णांचं काय? दाव्यात ते प्रतिवादी नंबर दोन. कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. कंपनीने आधी काकांकडून वसूल करायला हवं, मग आण्णांकडे यायचं, असं काही नसतं. आण्णांनी भरले तर ते काकांकडून वसूल करण्याचा हक्क त्यांना आहे, असं मॅडम म्हणाल्या. आण्णा नुसते बघत राहिले. सख्ख्या भावावर दावा!

हुकूमनामा झालाच असता तर पुढे दरखास्त आणि जप्ती. त्यातही सगळं नेता येत नाही. कलम ६० प्रमाणे शेतकऱ्याची अवजारं, बैल, बियाणं, राहतं घर सुटतं. जमीन आपोआप सुटत नाही. पगारातले पहिले १,००० आणि उरलेल्याचे दोन-तृतीयांश सुटतात. आण्णांचा पगार तेव्हा २२,००० होता. म्हणजे १,००० अधिक २१,००० चे दोन-तृतीयांश १४,०००, असे १५,००० सुरक्षित, महिन्याला ७,००० जप्त होऊ शकले असते. एका हुकूमनाम्यासाठी ही जप्ती २४ महिन्यांपेक्षा जास्त चालत नाही. २४ गुणिले ७,००० म्हणजे १,६८,०००. माझी हॉस्टेलची तीन वर्षं त्यात गेली असती. मी हा गुणाकार आण्णांना दाखवला नाही.

एक गोष्ट भराभर सांगते, कारण आमच्याकडे ती आली नाही पण गावात दोघांकडे आली. बऱ्याच करारांत लवादाचं कलम असतं. मग कोर्टाऐवजी कुठल्या तरी लांबच्या शहरातल्या लवादाचं पत्र येतं, इंग्रजीत, आणि लोक ते जाहिरातीचं समजून फेकतात. लवादाचा निवाडा हुकूमनाम्यासारखाच वसूल होतो. कंपनीने एकटीने स्वतःचा लवाद नेमणं २०१९ च्या पर्किन्स निकालानंतर टिकत नाही, पण ती हरकत लेखी घ्यावी लागते. निवाड्याला आव्हान द्यायला तीन महिने मिळतात, फार तर आणखी ३० दिवस.

डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय लोकअदालत होती. तोवर आमची कैफियत, पावत्या आणि माझा एक्सेलचा तक्ता (हो, तो परिशिष्ट म्हणून जोडला होता!) फाईलवर होता. कंपनीचे वकील आधी २,४०,००० म्हणाले, मग २ लाख. मॅडमनी दोन रोख पावत्या टेबलावर ठेवल्या. शेवटी १,४०,००० वर ठरलं, महिन्याला १०,००० असे चौदा हप्ते, कोरे चेक परत, आणि सगळं फिटल्यावर थकबाकी नसल्याचा दाखला. लोकअदालतीचा निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. म्हणून सही करण्याआधी प्रत्येक ओळ वाचायची, आणि जमणार नाही असा हप्ता कबूल करायचा नाही. काका १५,००० ला हो म्हणत होते, भिडेपोटी. आण्णा पहिल्यांदाच बोलले, "दहा म्हण. बाकीचं बघू." दीड तास लागला. पुकारा झाला, न्यायाधीश साहेबांनी काकांना मराठीत विचारलं, समजलं का सगळं? काका म्हणाले, "हिनं समजावलंय."

आम्ही जिंकलो असं मी म्हणणार नाही. गाडी गेली ती गेलीच. सिबिलवर 'सेटल्ड' असा शेरा आला, तो 'क्लोज्ड' इतका चांगला नसतो आणि बरीच वर्षं दिसतो. चौदा हप्त्यांपैकी पाच आण्णांनी भरले. काका आता दुसऱ्याच्या पिकअपवर रोजाने असतात. एमएच-१४ ची कुठलीही पांढरी पिकअप हॉस्टेलच्या गेटवरून गेली की मी अजून नंबर बघते. शेवटचा हप्ता फेब्रुवारी २०२५ मध्ये गेला. दाखला यायला आणखी दोन महिने आणि तीन लेखी पत्रं लागली. तिन्ही पत्रं मी मेसच्या टेबलावर लिहिली, मराठीत, आणि त्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढल्या आमच्या वॉर्डन मॅडमनी.

फाईल माझ्या कपाटात आहे, थर्मोच्या नोट्सखाली. जिच्या दादाने 'नुसती सही' केलीय तिने आणि बाकी कोणालाही करार वाचून हवा असेल किंवा रेटचं फंक्शन बघायचं असेल तर त्यांनी जेवणानंतर यावं. बिस्किटं आपापली आणावीत.

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)